कोंबडीच्या खाद्यातलं चिमूटभर सेलेनियम: विषापासून पोषणापर्यंतचा प्रवास



पोल्ट्रीच्या खाद्याच्या पोत्यावरची यादी कधी वाचली आहे का? मका, सोयाबीन पेंड, शिंपल्यांचा चुरा, इथपर्यंत सगळं ओळखीचं असतं. त्यापुढे मिनरल मिक्श्चरचा भाग येतो: तांबं, जस्त, मँगनीज, आयोडीन आणि बहुतेक वेळा अगदी शेवटी सेलेनियम. प्रमाण इतकं कमी की लिहिणाऱ्याने ते उगाच लिहिलं असावं असं वाटतं.

२०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यातल्या टक्कल पडण्याच्या बातम्या आल्या आणि हे नाव घराघरात पोचलं. तेव्हापासून दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. "सेलेनियम विषारी असेल तर ते कोंबड्यांना का खाऊ घालतात? मग लेकरांना अंडी द्यायची की नाही?" आणि अगदी उलटा दुसरा प्रश्न: "माझे केस गळतात, मेडिकलवाल्याने सेलेनियमच्या गोळ्या दिल्यात, घेऊ का?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच इतिहासात आहे. हा इतिहास घोड्यांचा, कोंबड्यांचा, उंदरांचा आणि माणसांचाही आहे. तो थोडा सविस्तर सांगतो. नीट वाचलात तर शेवटचा सल्ला तुम्हीच स्वतःला द्याल.

चंद्राचं नाव मिळालेलं मूलद्रव्य

१८१७ साली स्वीडनमधले रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांना गंधकाम्लाच्या एका कारखान्यात तळाशी साचलेला लालसर गाळ सापडला. तो जाळला की मुळ्यासारखा उग्र वास येई. आधी त्यांना वाटलं, हे टेल्युरियम असावं. टेल्युरियमचं नाव पृथ्वीवरून पडलेलं आहे. नंतर लक्षात आलं की हे त्याचं भावंड आहे, पण वेगळं. पृथ्वीचं भावंड म्हणून त्यांनी त्याला चंद्राचं नाव दिलं. ग्रीक भाषेत चंद्र म्हणजे सेलेने, त्यावरून सेलेनियम.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा, ती पुढे उपयोगी पडेल. सेलेनियम गुणधर्मांनी गंधकाच्या फार जवळचं आहे. आपले केस, नखं, जनावरांचे खूर आणि शिंगं ज्या प्रथिनाची बनतात, त्या केराटिनमध्ये गंधक भरपूर असतं. गंधकाचे दुवे केसाला बळकटी देतात. शरीरात सेलेनियम फार झालं की ते गंधकाच्या जागी घुसतं आणि दुवे कच्चे राहतात. म्हणून सेलेनियमच्या विषबाधेची पहिली खूण बहुतेक वेळा केसांवर आणि नखांवर दिसते.

शेपट्या झडलेले घोडे आणि न उबणारी अंडी

ही खूण सविस्तर लिहून ठेवणारा पहिला माणूस एक डॉक्टर होता. अमेरिकेत, आजच्या साउथ डकोटा राज्याच्या हद्दीत, फोर्ट रँडल नावाची लष्करी छावणी होती. तिथले लष्करी सर्जन मॅडिसन यांनी १८५६ मध्ये छावणीच्या घोड्यांवर आलेला आजार पाहिला आणि १८६० साली त्याची हकीकत छापली. आयाळ आणि शेपटीचे केस झडत, खूर दुखत आणि सुटून येत, घोडे चालू शकत नसत आणि शेवटी मरत. कारण तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पाण्यातल्या क्षारांवर संशय होता, म्हणून लोकांनी त्याला क्षाररोग म्हणायला सुरुवात केली.

खरं कारण कळायला जवळजवळ पाऊणशे वर्षं लागली. आणि ते कळण्यात कोंबड्यांचा मोठा वाटा आहे.

साउथ डकोटाच्या काही भागांत शेतकऱ्यांची एक विचित्र तक्रार होती. कोंबड्या अंडी देत, पण ती उबत नसत. अंडी फोडून पाहिली तर आत मेलेली पिल्लं. कुणाची चोच वाकडी, कुणाचे डोळेच नाहीत, कुणाचे पाय आखडलेले. १९३० च्या दशकात तिथल्या कृषी संशोधन केंद्रातले रसायनशास्त्रज्ञ कर्ट फ्रँक यांनी अशा शेतांमधलं धान्य जनावरांना खाऊ घालून पाहिलं आणि दोष पाण्यात नसून धान्यात आहे हे दाखवलं. याच सुमारास त्या धान्यात सेलेनियम सापडलं. काही जमिनींत ते मुळातच जास्त होतं. तिथून ते गव्हात आणि मक्यात, धान्यातून कोंबडीत आणि कोंबडीतून अंड्यात गेलं होतं.

कोंबडीचं शरीर सेलेनियम अंड्यात पोचवतं, हे तेव्हाच सिद्ध झालं. त्या वेळी ही भीतीची गोष्ट होती. पुढे हीच गोष्ट उपयोगाची ठरली.

अशा जमिनी फक्त अमेरिकेत आहेत असं नाही. आपल्या पंजाबात नवाशहर आणि होशियारपूर जिल्ह्यांच्या काही गावांत, शिवालिक डोंगरांतून वाहून आलेल्या मातीत सेलेनियमचं प्रमाण जास्त आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून तिथली माती, पाणी आणि पिकं तपासून हे दाखवून दिलं. तिथल्या जनावरांचे केस झडणं, खूर आणि शिंगं गळणं ही सगळी लक्षणं फोर्ट रँडलच्या घोड्यांसारखीच होती.

१९५७: विषाचं औषध झालं

१९५७ पर्यंत सेलेनियम म्हणजे फक्त विष, असंच सगळे मानत. त्या वर्षी क्लाउस श्वार्झ नावाच्या मूळच्या जर्मन शास्त्रज्ञाने हा समज उलटवला.

श्वार्झ अमेरिकेत उंदरांवर काम करत होते. एका विशिष्ट प्रकारच्या यीस्टवर वाढवलेल्या उंदरांचं यकृत सडून ते मरत. ई जीवनसत्त्व दिलं की वाचत. पण ई जीवनसत्त्वाशिवाय आणखी एक अनोळखी घटकही त्यांना वाचवत होता. श्वार्झ यांनी त्याला 'तिसरा घटक' असं नाव दिलं आणि वर्षानुवर्षं त्याचा पाठलाग केला. शेवटी श्वार्झ आणि फोल्ट्झ यांनी १९५७ साली जाहीर केलं की या घटकातला कामाचा भाग म्हणजे सेलेनियम! अगदी सूक्ष्म मात्रेत तेच विष यकृत वाचवत होतं.

त्याच वर्षी कोंबड्यांच्या एका जुन्या दुखण्याचाही उलगडा झाला. बंदिस्त शेडमधल्या पिल्लांच्या छातीखाली आणि पोटाखाली हिरवट-निळसर पाणी साचे, केशवाहिन्या गळू लागत आणि पिल्लं पटापट मरत. यालाही ई जीवनसत्त्वाचा अभाव कारणीभूत मानला जाई. खाद्यात किंचित सेलेनियम घातलं की हा आजार थांबतो, असं दिसून आलं. पुढे कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉम्पसन आणि स्कॉट यांनी १९६९-७० च्या सुमारास दाखवलं की ई जीवनसत्त्व भरपूर असलं तरी सेलेनियमच नसेल तर पिल्लांचं स्वादुपिंड सुकतं. म्हणजे सेलेनियम हे नुसता ई जीवनसत्त्वाचा मदतनीस नाही, त्याची स्वतःची गरज आहे.

ते नेमकं काय करतं, हे १९७३ मध्ये कळलं. आपल्या प्रत्येक पेशीत अन्न जळतं आणि ऊर्जा मिळते. चूल पेटली की ठिणग्या उडणारच. या ठिणग्या म्हणजे पेरॉक्साइडसारखे दाहक पदार्थ. त्या विझवणारं एक एन्झाइम शरीरात असतं: ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. या एन्झाइमच्या गाभ्यात सेलेनियम असतं, हे विस्कॉन्सिनमधल्या संशोधकांनी शोधलं. ई जीवनसत्त्व पेशीच्या भिंतीपाशी पहारा देतं, तर हे एन्झाइम आतल्या ठिणग्या विझवतं. दोघांची जोडी का जमते, ते यावरून कळलं. पुढे थायरॉइडचं हार्मोन कामाला लावणाऱ्या एन्झाइममध्येही सेलेनियम सापडलं.

सतरा वर्षांची अडवणूक

गुण कळला, पण खाद्यात घालायची परवानगी लगेच मिळाली नाही. १९४३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात जास्त सेलेनियम दिलेल्या उंदरांच्या यकृतात गाठी आढळल्या होत्या. १९५८ मध्ये तिथे कायदा झाला की प्राण्यांत कर्करोग करणारा कुठलाही पदार्थ खाद्यात मिसळता येणार नाही. सेलेनियम त्यात अडकलं. शास्त्रज्ञ सांगत राहिले की तो डोस वेगळा होता आणि हा वेगळा आहे. डग्लस फ्रॉस्ट नावाच्या शास्त्रज्ञाने तर या भीतीला 'सेलेनियमचा भयगंड' असंच नाव दिलं. इकडे पिल्लं आणि डुकरं मरत राहिली.

अखेर जुन्या पुराव्याची फेरतपासणी होऊन १९७४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कोंबड्या, टर्की आणि डुकरांच्या खाद्यात सेलेनियम घालायला परवानगी दिली. वाढत्या कोंबड्यांसाठी मर्यादा होती किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. १९८७ मध्ये ती ०.३ मिलिग्रॅम झाली.

आपल्याकडे हे ज्ञान व्यावसायिक पोल्ट्रीबरोबर आलं. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे पुणे हे या व्यवसायाचं मोठं केंद्र झालं आणि हळूहळू बंदिस्त पोल्ट्री गावोगाव पसरली. अंगणातली गावरान कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते. किडे, मुंग्या, गवत, ज्वारीचे दाणे, जे मिळेल ते खाते आणि आपली गरज आपणच भागवते. शेडमधल्या कोंबडीला उकरायला उकिरडाच नाही. तिच्यासमोर फक्त मका आणि सोयाबीन पेंड. त्या धान्यात किती सेलेनियम येणार हे ते कुठल्या जमिनीत पिकलं त्यावर ठरतं. म्हणून ते वरून मोजून द्यावं लागतं. हे वाढीचं औषध नाही आणि अँटिबायोटिकही नाही. आपण मिठात आयोडीन घालतो, तसाच हा प्रकार आहे.

चीनमधली दोन गावं, दोन टोकं

माणसांच्या बाबतीत सेलेनियमची दोन्ही टोकं चीनने पाहिली.

ईशान्येला केशान नावाचा परगणा आहे. १९३५ पासून तिथे एक आजार नोंदला गेला होता. मुलांचं आणि तरुण बायकांचं हृदय फुगायचं, स्नायू कमकुवत व्हायचे आणि अनेक जण दगावायचे. तिथल्या जमिनीत सेलेनियम अत्यल्प होतं. १९७४ मध्ये चिनी डॉक्टरांनी हजारो मुलांना आठवड्यातून एकदा सोडियम सेलेनाइटची गोळी दिली आणि तितक्याच मुलांना नुसती साधी गोळी. साधी गोळी घेणाऱ्यांत हजारी सुमारे १३ जणांना आजार झाला, सेलेनियम घेणाऱ्यांत हजारी सुमारे २ जणांना. त्या आजारात एका विषाणूचाही हात असतो हे पुढे कळलं, पण सेलेनियमच्या अभावाने त्याला वाट करून दिली होती.

दुसरं टोक हुबेई प्रांतातलं एन्शी. १९६१ ते १९६४ दरम्यान तिथल्या काही गावांत लोकांचे केस आणि नखं गळू लागली. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या पाच गावांत जवळजवळ निम्मे लोक आजारी होते. तिथल्या दगडी कोळशात सेलेनियम प्रचंड होतं. कोळशातलं सेलेनियम जमिनीत उतरलं, जमिनीतून भाजीपाल्यात आणि मक्यात. त्यात दुष्काळाने भात गेला आणि लोकांना तोच मका आणि भाजी जास्त खावी लागली.

देश एक, मूलद्रव्य एक. एकीकडे ते मिळालं नाही म्हणून हृदयं बंद पडली, दुसरीकडे फार मिळालं म्हणून केस गेले.

बुलढाणा, २०२४-२५

आता आपल्या शेजारी येऊ. डिसेंबर २०२४ पासून बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग मूठभर केस हातात आणि काही दिवसांत टक्कल. बायका, पुरुष, लहान मुलं, कुणीच सुटलं नाही. आधी शाम्पूवर संशय गेला, मग बुरशीवर, मग पाण्यातल्या नायट्रेटवर. जानेवारीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक येऊन नमुने घेऊन गेलं.

विंचूदंशावरच्या कामामुळे जगभर नाव झालेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर तिथे जाऊन आले. ते आपल्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातले. त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये आपले निष्कर्ष सांगितले. १८ गावांत २७९ जणांना त्रास झाला होता. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम कित्येक पट वाढलेलं होतं, तर जस्ताचं प्रमाण घटलं होतं. आणि त्यांनी तपासून घेतलेल्या रेशनच्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम सापडलं. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आला असावा, असं त्यांचं म्हणणं होतं. गव्हाच्या मुद्द्यावर पुढे बरीच वादावादी झाली. एप्रिलमध्ये त्याच भागात नखं गळाल्याच्या बातम्या आल्या. केस, मग नखं. फोर्ट रँडल, पंजाब आणि एन्शीची हकीकत वाचलेल्या माणसाला हा क्रम ओळखीचा वाटतो.

हिशोब करून पाहू. तसा गहू घरात आला आणि एका माणसाने दिवसाला पाव किलो पीठ खाल्लं, तर पोटात गेलं सुमारे ३.६ मिलिग्रॅम, म्हणजे ३६०० मायक्रोग्रॅम सेलेनियम. प्रौढ माणसाची रोजची गरज आहे साधारण ४० ते ५५ मायक्रोग्रॅम. अमेरिकेने ठरवलेली वरची मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम आहे आणि युरोपने २०२३ मध्ये ती २५५ वर आणली. म्हणजे नऊ ते चौदा पट.

आता पोल्ट्रीचा हिशोब

कोंबडीच्या खाद्यात किलोमागे ०.३ मिलिग्रॅम घालतात. वरच्या गव्हातलं प्रमाण त्याच्या जवळपास ४८ पट होतं. एक अंडं देणारी कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे वरून घातलेलं सेलेनियम तिला मिळतं साधारण ३३ मायक्रोग्रॅम. त्यातलं काही शरीरात राहतं, काही विष्ठेत जातं, काही अंड्यात येतं. एका अंड्यात साधारण १५ मायक्रोग्रॅम सेलेनियम असतं. नुसत्या अंड्यांनी ४०० ची मर्यादा गाठायची तर एका दिवसात सव्वीस-सत्तावीस अंडी खावी लागतील, आणि तीही रोज! म्हणून लेकरांना दिवसाला एक अंडं निर्धास्त द्या. त्यातलं सेलेनियम त्यांच्या कामाचं आहे आणि प्रथिनं तर आहेतच.

मग धोका कुठेच नाही का? आहे. तो मिसळण्यात आहे.

एक टन खाद्याला सेलेनियम लागतं ०.३ ग्रॅम. सोडियम सेलेनाइटच्या रूपात घातलं तर सुमारे ०.६६ ग्रॅम. हजार किलोत एक ग्रॅमही नाही! ते थेट फावड्याने कालवून सारखं पसरणं अशक्य आहे. एका कोपऱ्यातल्या कोंबड्यांना काहीच मिळणार नाही आणि दुसऱ्या कोपऱ्यातल्यांना वीस पट मिळेल. खाद्यात किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की अंडी उबणं कमी होतं आणि पिल्लं व्यंग घेऊन मरतात, हे साउथ डकोटाच्या शेतकऱ्यांनी सोसून शिकवलं आहे. म्हणून सेलेनियम आधी भरपूर भुकटीत पातळ करून प्रीमिक्स बनवतात आणि ते यंत्रात टप्प्याटप्प्याने मिसळतात.

माणसांच्या गोळ्यांतही अशी चूक झाली आहे. २००८ मध्ये अमेरिकेत एका पातळ पूरक आहारात लेबलवर २०० मायक्रोग्रॅम लिहिलं होतं, प्रत्यक्षात जवळपास २०० पट भरलं गेलं होतं. दहा राज्यांत २०१ जणांना त्रास झाला: जुलाब, थकवा, सांधेदुखी, केस गळणं, नखं गळणं. पुढच्याच वर्षी फ्लोरिडात पोलोचे २१ घोडे चुकीच्या मात्रेच्या इंजेक्शनाने दगावले.

योग्य मात्रेतही जास्तीचा फायदा होतोच असं नाही. सेलेनियमने प्रोस्टेटचा कर्करोग टळेल या आशेने २००१ पासून ३५,००० हून जास्त पुरुषांवर एक मोठा अभ्यास झाला. रोज २०० मायक्रोग्रॅम देऊनही काहीच फायदा दिसला नाही आणि २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या गेल्या. ज्याच्या शरीरात पुरेसं आहे, त्याला आणखी देऊन हाती काही लागत नाही.

तर मग तुम्ही काय करायचं?

पालमसारख्या तालुक्यात घरच्या घरी खाद्य बनवणारे छोटे पोल्ट्रीवाले आहेत. त्यांना सांगणं एवढंच: सुटं सेलेनियम आणून हाताने मिसळू नका. लेबल असलेलं प्रीमिक्स घ्या, सांगितलेल्या मापानेच वापरा. 'जरा जास्त घातलं तर कोंबडी जास्त अंडी देईल' हा हिशोब इथे चालत नाही. आधीच सेलेनियम असलेल्या तयार खाद्यात पुन्हा मिनरल मिक्श्चर घालू नका. शंका असेल तर पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारा. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचा उपयोग करून घ्या.

केस गळणाऱ्यांसाठी: सेलेनियमची कमतरता हे आपल्याकडे केस गळण्याचं नेहमीचं कारण नाही. रक्तातलं लोह कमी असणं, थायरॉइड, बाळंतपण, दोन-तीन महिन्यांपूर्वी येऊन गेलेला टायफॉइड किंवा डेंग्यूचा ताप, उपासमार करून घटवलेलं वजन, ही कारणं आधी तपासायला हवीत. तपासणीशिवाय सेलेनियमच्या गोळ्या महिनोन्महिने घेऊ नका. जास्त सेलेनियमने केसच गळतात, हे आता तुम्हाला माहीत आहे. मल्टिव्हिटॅमिन, केसांची गोळी आणि प्रोटीन पावडर असं तिन्ही चालू असेल, तर तिन्ही डब्यांवरचं सेलेनियम एकत्र मोजा. श्वासाला लसणासारखा वास, नखांवर पांढरे पट्टे, नखं ठिसूळ होणं आणि त्याबरोबर मळमळ, जुलाब असतील, तर गोळ्या बंद करून डॉक्टरांना दाखवा.

आणि एकाच घरात किंवा गल्लीत चार-पाच जणांचे केस एकदम गळू लागले, तर शाम्पू बदलत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. घरातलं धान्य आणि पाणी थोडं बाजूला काढून ठेवा, टाकून देऊ नका. फोर्ट रँडलच्या घोड्यांचं कारण कळायला पाऊणशे वर्षं लागली, कारण सगळे पाण्याकडेच बघत राहिले. शेगावात काही आठवड्यांत धान्यापर्यंत पोचता आलं, कारण कुणीतरी गहू तपासायला पाठवला.

थोडक्यात: सेलेनियम नसेल तरी जीव जातो, फार झालं तरी घात होतो. अंड्यातलं सेलेनियम घ्या, डब्यातलं विचारून घ्या आणि खाद्यातलं मोजून घाला.

तब्येतीची काळजी घ्या.